यशवंतची आई सावित्रीबाई



3 जानेवारी आली की आपल्या शाळांतून सावित्रीबाईंवर भाषणं होतात, निबंध होतात, मुली नऊवारी नेसून येतात. भिडे वाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, पहिली शिक्षिका, हे मुलांना तोंडपाठ असतं. त्या सगळ्या निबंधांत एक वाक्य हमखास शेवटाकडे येतं आणि पुढच्या वाक्याला जागा देऊन निघून जातं: त्यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी यशवंतला दत्तक घेतलं. मुलं हे वाक्य पाठ करतात, आपण त्यावर बरोबरची खूण करतो. आजचा पाठ त्या एका वाक्याचा आहे. कारण त्यातल्या त्या म्हणून शब्दात चौतीस वर्षं लपलेली आहेत. शिवाय वर्गातलं एखादं मूल स्वतः दत्तक आलेलं असू शकतं, हे तुम्हीही जाणता. त्याच्या कानावर हे वाक्य कसं पडत असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही.

आधी थोडक्यात ओळख. सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 साली लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे होते. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. 1849 साली सासरे गोविंदरावांनी समाजाच्या धाकाने दोघांना घराबाहेर काढलं आणि गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. हा सगळा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला शिकवता येतो, म्हणून तो इथेच सोडते.

मात्र जोतीरावांच्या लहानपणातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई गेली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर यांनी. नात्याने त्या मावसबहीण, बालविधवा. एका मिशनरी साहेबाकडे अनाथ मुलांना सांभाळण्याचं काम त्या करत असत. म्हणजे बघा, जन्म न देताही आई होता येतं हे जोतीरावांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांच्या हातातला घासच तसा आलेला होता. सावित्रीबाईंनाही सगुणाबाईंचा सहवास मिळाला. या घरात आई या शब्दाचा अर्थ आधीपासूनच जरा मोठा होता.

आता मूल नसण्याबद्दल. त्या काळात लग्नाला आठ-दहा वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की बोलणी सुरू व्हायची आणि ती बाईलाच ऐकावी लागायची. हळदीकुंकवाला तिला मागे बसवायचं, बारशाला तिची सावली नको म्हणायचं, पुरुषाला मात्र दुसरी बायको करून द्यायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरात सवत येणं ही बातमीसुद्धा नव्हती. फुल्यांच्या घरीही हाच आग्रह झाला. वंश चालला पाहिजे, दुसरं लग्न कर, असं नातेवाइकांनी जोतीरावांना परोपरीने सांगितलं. जोतीरावांनी ऐकलं नाही. दोष नेमका कुणात आहे हे ठाऊक नसताना बाईवर सवत आणायची, तर मग तोच न्याय बाईलाही लावावा लागेल, तिनेही दुसरा नवरा करावा, अशी त्यांची सरळ भूमिका होती. आयुष्याच्या अखेरीला लिहिलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकातही एका पुरुषाने दोन बायका करण्याच्या चालीला त्यांनी असाच उलटा आरसा दाखवला आहे.

हे वाचायला सोपं वाटतं. पण त्या घरात राहणाऱ्या सावित्रीबाईंच्या बाजूने थोडं बघा. रस्त्यावरून जाताना अंगावर चिखल उडतो तो शिकवते म्हणून, आणि घरी आल्यावर कुजबुज ऐकू येते ती मूल नाही म्हणून. वांझ हा शब्द आजही आपल्या गावांत शिवीसारखा वापरला जातो. शाळेत पालक म्हणून येणाऱ्या बायकांच्या तोंडीसुद्धा तो मी ऐकलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात तो किती धारदार असेल ते वेगळं सांगायला नको.

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती तेव्हा, म्हणजे 1863 साली, एक भयंकर घटना घडली. पुण्यात जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे राहत. त्यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, आधार कुणाचा नव्हता. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला फसवलं. दिवस राहिले. पोट पाडण्याचे उपाय झाले, त्यांचा उपयोग झाला नाही. मुलगा झाला. बोभाटा होईल या भीतीने काशीबाईने त्या बाळाचा गळा चिरला आणि त्याला विहिरीत टाकलं. प्रेत सापडलं, खटला उभा राहिला आणि तिला जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर, अंदमानला पाठवलं गेलं. शास्त्रीबुवाचं काय झालं? काही नाही.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता, पण कायदा कागदावर होता. आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीने जन्मभर एका लुगड्यात, केस काढून, घरच्यांचं राबत राहायचं ही रीत घराघरांत होती. अशा मुलीवर घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाने हात टाकला, तर पुढे तिच्यापुढे तीनच वाटा उरत: विष, विहीर किंवा बाळाचा जीव. याचा हिशेब कुणी ठेवत नसे, कारण प्रत्येक घर आपापलं झाकून ठेवत होतं.

काशीबाईच्या शिक्षेनंतर फुले पती-पत्नींनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. नाव मोठं आहे, जागा मात्र साधी होती, त्यांचं राहतं घर. मग त्यांनी काय केलं, तर जाहिराती छापल्या आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्लीबोळांत, भिंतींच्या कोपऱ्यांवर चिकटवल्या. विधवांनी इथे गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवून जावं, असा त्या जाहिरातींचा आशय होता. पुण्यात काय गदारोळ झाला असेल त्याची कल्पना तुम्ही करू शकता. पापाला आसरा देताहेत, असं म्हणणारे पुष्कळ होते. गंमत अशी की त्याच गल्ल्यांतून रात्री-बेरात्री बायकाही येऊ लागल्या.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे घर चालवलं कुणी? जाहिरात छापणं, सरकारदरबारी लिहिणं हे जोतीरावांचं काम. पण घाबरलेल्या, पोट झाकत आलेल्या मुलीला आत घेणं, तिला न्हाऊ-माखू घालणं, कळा सुरू झाल्या की पाणी तापवणं, नाळ कापणं, बाळ रडलं नाही तर त्याची पाठ चोळणं, हे बायकांचं काम होतं आणि ते सावित्रीबाईंनी केलं. ज्या बाईला बारशाला बोलवायचं की नाही याची चर्चा लोक करत होते, ती बाई स्वतःच्या घरात परक्या बायकांची बाळंतपणं करत होती.

आणि किती बाळं जगली? 1884 साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर टिपणं काढली, त्यांवर सरकारने मतं मागवली. जोतीरावांनी 4 डिसेंबर 1884 रोजी आपलं मत लिहून दिलं. गोवंडे यांच्या घरातल्या काशीबाईची हकीकत त्यातच आहे आणि एक हिशेबही आहे. तोवर या घरात पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांतली पाच मुलं जिवंत होती. तीस गेली. पोट पाडण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच अपाय झालेली होती, असं कारण जोतीरावांनी दिलं आहे.

हा आकडा जरा थांबून वाचा. आपण मुलांना नेहमी सांगतो की सावित्रीबाईंनी अनेक बालकांचे प्राण वाचवले, आणि ते खरंच आहे. पण त्याच हातांवर तीस बाळं गेली. स्वतःचं मूल नसलेल्या बाईने तीस वेळा बाळंतिणीची खोली तयार केली, तीस वेळा दुपटं आणलं आणि तीस वेळा ते रिकामं घडी करून ठेवलं. एकदा असं झालं तरी माणूस खचतं. हे घर त्यांनी बंद केलं नाही.

दरम्यान 1868 साली सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. तिथून 29 ऑगस्टला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. गावातल्या शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं जुळलं आणि ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावाने दोघांना मारत मारत फिरवलं, जीव घेण्यापर्यंत वेळ आली. सावित्रीबाई धावत मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि त्यांना सोडवून जोतीरावांकडे पुण्याला पाठवलं. हा प्रसंग सहसा धाडसाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक जीव दिसतो, जो अजून जन्मालाही आला नव्हता. पोटातल्या मुलाची जात काय, हा प्रश्न सावित्रीबाईंना पडलेला दिसत नाही.

त्याच साली गोविंदरावही वारले. वंशाच्या दिव्याची वाट पाहत पाहतच ते गेले.

आता 1874 कडे येऊ. सत्यशोधक समाज स्थापन होऊन (24 सप्टेंबर 1873) फार दिवस झाले नव्हते. एक गरोदर ब्राह्मण विधवा फुल्यांच्या घरी आली. हिचंही नाव काशीबाईच सांगतात. इथे निबंधांमध्ये आणि कधीकधी छापील पुस्तकांतही घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम सांगते: अंदमानला गेलेली काशीबाई वेगळी आणि यशवंतची जन्मदात्री वेगळी. पहिलीचं बाळ विहिरीत गेलं. दुसरी नदीवर जीव द्यायला निघाली होती आणि जोतीरावांनी तिला घरी आणलं असं सांगतात. दोघींची दशा एकच, मधल्या काळात फरक एवढाच पडला होता की पुण्यात आता जायला एक दार होतं.

तिला मुलगा झाला. नाळ सावित्रीबाईंनी कापली. मूल जगलं. सावित्रीबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, जोतीराव सत्तेचाळीसचे. त्यांनी हे मूल आपलं म्हणून ठेवून घेतलं आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं.

दत्तक ही गोष्ट तेव्हा काही नवी नव्हती. राजेरजवाड्यांत, सरदार-इनामदारांत, सावकारांत सर्रास दत्तक घेत. पण कसा घेत? भावाचा मुलगा, चुलत्याचा नातू, फार तर दूरचा भाऊबंद, आणि जात तर एकच हवी. मूल कुलीन हवं, मुलगाच हवा, कारण त्याने पिंड द्यायचा आणि इस्टेट सांभाळायची. आता यशवंतकडे बघा. आई विधवा, बापाचं नाव घ्यायला कुणी पुढे येणार नाही, जात ब्राह्मण, आणि घेणारं घर माळ्याचं. जुन्या चालीतली एकही अट इथे बसत नव्हती. आणि पिंडाचं म्हणाल तर जोतीरावांचा त्यावर विश्वासच नव्हता. श्राद्धपक्षावर, भटजीकडून करून घ्यायच्या विधींवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. मग पिंडासाठी नाही, इस्टेटीसाठी नाही (इस्टेट होती कुठे फारशी!), तर मूल घेतलं कशासाठी? मला वाटतं, उत्तर अगदी साधं आहे. मूल समोर होतं, त्याला आईबाप हवे होते आणि या दोघांना मूल हवं होतं.

भावकीला हे रुचणं शक्य नव्हतं. ज्यांना सख्ख्या पुतण्याला दत्तक घेता आलं असतं त्यांनी परजातीच्या विधवेचं पोर घरात आणलं, ही बोच शेवटपर्यंत राहिली. तिचं फळ पुढे दिसतंच.

यशवंत दोन वर्षांचा झाला असेल-नसेल तोच 1876-77 चा मोठा दुष्काळ पडला. सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला मदतीच्या कामाला गेल्या. 20 एप्रिल 1877 चं त्यांचं तिथलं पत्र वाचलं तर अंगावर काटा येतो. चारा-पाण्यावाचून जनावरं मरताहेत, माणसं गाव सोडून चालली आहेत, काही सावकार त्या हालातही लोकांना नागवताहेत. त्याच वर्षी सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभा केला आणि दुष्काळातल्या निराधार मुलांच्या जेवणाची सोय केली. घरात एक जेमतेम तीन वर्षांचं मूल आणि बाहेर उपाशी पोरांच्या रांगा. एक मूल मिळालं म्हणून बाकीच्यांकडे पाठ फिरवावी असं या घराला वाटलं नाही.

पालकहो, इथे आजच्या काळाबद्दल दोन शब्द, कारण शाळेत अधूनमधून कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. आज मूल सोडून द्यावं लागणाऱ्या आईला भिंतीवरची जाहिरात शोधावी लागत नाही. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे तिला बालकल्याण समितीपुढे मूल सोपवता येतं आणि विचार बदलला तर साठ दिवसांत परत घेता येतं. मूल दत्तक हवं असणाऱ्यांनी कारा या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी करायची असते. कुणी दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर बाळ मिळवून देतो म्हणाला, तर त्या वाटेला जाऊ नये, तो गुन्हा आहे. संकटातल्या मुलासाठी 1098 हा दूरध्वनी आहे. हे नंबर शाळेच्या फलकावर लिहून ठेवले तर कुणाचं काही बिघडत नाही.

परत गंज पेठेत येऊ. यशवंत वाढत होता, इंग्रजी शाळेत जात होता. जोतीराव साठीला आले. आपल्यामागे या मुलाचं आणि सावित्रीबाईंचं काय होईल याची काळजी त्यांना होती, आणि ती रास्तच होती. 10 जुलै 1887 रोजी त्यांनी मृत्युपत्र केलं. ते मी शिक्षकांना आवर्जून वाचायला सांगते. त्यात यशवंत कोण हे लपवलेलं नाही. विधवेच्या पोटी आपल्या घरी जन्मलेला हा मुलगा, त्याची नाळ आपल्या पत्नीने कापली आणि तेव्हापासून तिने त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं, असं त्यांनी नोंदवलं आहे, आणि त्याला वारस केलं आहे. आजही पुष्कळ घरांत दत्तक ही गोष्ट मुलापासून वीस-वीस वर्षं दडवली जाते, मग लग्न जमवताना कुणीतरी ती बाहेर काढतं आणि मुलगा किंवा मुलगी आतून मोडून पडते. जोतीरावांनी तेरा वर्षांच्या मुलाची जन्मकथा सरकारी दस्तात लिहून टाकली. लाज वाटण्यासारखं त्यात त्यांना काही दिसलं नाही.

त्याच मृत्युपत्रात एक कडक अटही आहे. यशवंत उनाड निघाला तर माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र जातींतला एखादा लायक मुलगा निवडावा. काहींना हे बापाला न शोभणारं वाटतं. मला तसं वाटत नाही. रक्ताच्या मुलालाही त्यांनी हीच अट घातली असती, कारण वारसा म्हणजे त्यांच्या मते घरापेक्षा काम होतं.

मृत्युपत्रानंतर वर्षभरात, 1888 च्या जुलैत, जोतीरावांना पक्षाघात झाला. त्याआधी दोनच महिने, 11 मे रोजी, मुंबईत त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली होती. उजवं अंग गेलं. ते डाव्या हाताने लिहू लागले. घरात पैसा नव्हता, औषधपाणी डॉ. विश्राम रामजी घोले बघत. सावित्रीबाईंचे ते दिवस कसे गेले असतील ते समजू शकतं.

याच दिवसांत यशवंतच्या लग्नाचा प्रश्न आला. विधवेचा मुलगा, जात कोणती धरायची? कोण मुलगी देणार? हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. सावित्रीबाईंनी काय केलं माहीत आहे? लग्नाआधीच राधाला घरी आणून ठेवलं. तिने शिकावं, दोघांनी एकमेकांना ओळखावं, म्हणून. सासूने सुनेला लग्नाआधी शिकायला घरी आणणं हे आजही किती घरांत घडतं, तुम्हीच सांगा. 4 फेब्रुवारी 1889 रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. दहन न करता मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करायचं ठरलं. आणि इथे ती जुनी बोच बाहेर आली. आपल्याकडे टिटवं धरतो तो वारस, हे तुम्हाला माहीत आहे. अंत्ययात्रा निघायच्या वेळी पुतण्याने हरकत घेतली. यशवंत दत्तक, त्याला हा मान नाही, टिटवं मी धरणार. बाप दारात ठेवलेला आणि सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं जातंय की तू याचा कुणी नाहीस.

सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. बाईने स्मशानात जायचं नाही अशा काळातली ही गोष्ट. निबंधांत हा प्रसंग स्त्रीने अंत्यसंस्कार केल्याचं उदाहरण म्हणून येतो, ते योग्यच आहे. पण ती एका आईचीही कृती होती. मुलाचा हक्क लोक मान्य करत नाहीत म्हटल्यावर तो हक्क तिने दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नाही.

पुढची सात वर्षं सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी पाहिलं. हलाखी होतीच. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना 1890 मध्येच लिहून या कुटुंबाच्या मदतीसाठी रदबदली केली होती. जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीचं कौतुक करावं तितकं थोडं, असा त्या पत्राचा भाव आहे. यशवंत शिकला, डॉक्टर झाला आणि सैन्यात नोकरीला लागला. सून राधा मात्र 1895 साली गेली. या घराला सुख सलग असं कधी मिळालंच नाही.

1897 उजाडलं ते प्लेग घेऊन. मुंबईतली साथ पुण्यात आली. घरं ओस पडली, लोक माळावर झोपड्या टाकून राहू लागले, आजाऱ्याला हात लावायला सख्खे धजेनात. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. छासष्ट वर्षांच्या आईने एकुलत्या एक मुलाला साथीच्या शहरात बोलावलं, हे वाक्य पालक म्हणून परत एकदा वाचून बघा. आपण आपल्या मुलाला अशा वेळी दूर ठेवू. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी दवाखाना सुरू केला. ते औषध द्यायचे, त्या रोगी शोधून आणायच्या.

मुंढव्याबाहेरच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचं कळलं. सावित्रीबाई गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी रात्री त्या गेल्या. डॉक्टर म्हणून यशवंत तिथेच होता. ज्याची नाळ त्यांनी कापली होती त्याच्याच दवाखान्यात.

यशवंतलाही फार आयुष्य लाभलं नाही. त्याच्या मागे त्याच्या दुसऱ्या पत्नीचे, चंद्रभागाबाईंचे, फार हाल झाले. गंज पेठेतलं ते घर, जिथे पस्तीस बायका बाळंत झाल्या होत्या, ते विकावं लागलं. आज ते स्मारक आहे. पुण्याला सहल नेलीत तर महात्मा फुले पेठेतल्या त्या वाड्यात मुलांना जरूर न्या. मागच्या अंगणात जोतीरावांच्या रक्षेवरचं वृंदावन आहे, विहीर आहे, लहानशा खोल्या आहेत. शिक्षिका सावित्रीबाईंचं चित्र भिंतीवर मुलांना आपोआप दिसतं. बाळंतिणीची खोली कुठली असेल हे मात्र त्यांनाच शोधायला सांगा. मुलं फार चांगले प्रश्न विचारतात.